एकाच डायमध्ये कटिंग आणि ड्रॉ: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब. प्रेसच्या एका स्ट्रोकमध्ये पत्र्याची गोल चकती (ब्लँक) कापून तिची वाटी ओढणारी डाय, म्हणजे साचा, आपण आमच्याकडून घेतली. बाहेर धार लावून आणल्यापासून वाट्या बुडाशी फाटतायत, दोन वेगळ्या डाय द्यायला हव्या होत्या, असं लिहून आपण एक स्टार दिलाय. माल अडकला की पार्टीचे फोन कसे येतात ते आम्हीही रोज बघतो, म्हणून नीट सांगतो.

आपण टाकलेल्या फोटोत वरची रिंग स्पष्ट दिसते. तिची बाहेरची कड ब्लँक कापते, ती तीक्ष्णच हवी. आतली कड मात्र गोल, कारण पत्रा तिच्यावरून सरकत आत जातो. धार लावताना रिंगचा अख्खा फेस (पृष्ठभाग) ग्राइंड झालाय. बाहेर धार आली, पण आतली गोलाई तासली गेली आणि पत्रा वळतो नेमका तिथेच कोपरा उभा राहिला. पत्रा तिथे अडतो, बुडाजवळ ताण येऊन पातळ होतो आणि फाटतो.

खालची कापणारी डायही घासली असेल, तर मधला ड्रॉ पंच, म्हणजे ज्याच्यावर पत्रा ओढून वाटी होते तो ठोकळा, तपासा. तो कटिंगच्या कडेपेक्षा निदान पत्र्याच्या जाडीइतका, म्हणजे आपल्या सीआर शीटला (कोल्ड रोल्ड पत्र्याला) १ मि.मी., खाली हवा. आधी कापणं, मग ओढणं. डाय बुटकी झाली आणि पंच तसाच राहिला, तर ब्लँक सुटायच्या आधीच ओढ सुरू होते. ज्या पट्टीतून ब्लँक कापायचा तिलाच चहूबाजूंनी जोडलेला पत्रा आत येणार कुठून? म्हणून डाय जेवढी घासली, तेवढी तिच्याखाली शिम (पातळ पॅकिंग) द्यायची किंवा पंच तेवढाच खाली घ्यायचा.

दोन डायबद्दल. हजारभर वाट्यांचं काम असतं, तर आम्हीच वेगळ्या डाय सुचवल्या असत्या. आपलं काम रोजचं आहे. वेगळ्या डायमध्ये प्रत्येक ब्लँक हाताने मध्यावर ठेवावा लागतो. जरा सरकला की वाटीचा काठ एकीकडे उंच, एकीकडे ठेंगणा. आणि ऑपरेटरचा हात दर पीसला प्रेसखाली जातो. ते आम्हाला अजिबात नको होतं.

डाय प्रेसवरून उतरवून घेऊन या. सोबत फाटलेल्या दोन-चार वाट्या आणि कापलेली पट्टी आणा, कापणं पुरं झालं होतं की नाही ते तिच्यावरून लगेच कळेल. गोलाई पुन्हा करून पंचची उंची लावू आणि आपल्याच पत्र्यावर आपल्यासमोर ट्रायल घेऊ.