खांदा दुखावला की वजन उचलणं कायमचं सुटलं? त्या मेसेजला माझं उत्तर

तालमीचा ग्रुप, जिमचा ग्रुप आणि बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या आमच्या भावकीचा ग्रुप, तिन्हीकडे मिळून एकच मेसेज महिन्याभरात सात-आठ वेळा माझ्याकडे आला. मजकूर थोडक्यात असा: वजन उचलताना खांद्यात 'कट्' आवाज झाला म्हणजे शीर तुटली. तीन महिने हात गळ्यात बांधा, अजिबात हलवू नका. गरम तेलानं जोरात चोळून शीर जागेवर आणा. एमआरआयमध्ये फाटलेलं दिसलं तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही. आणि बरा झालात तरी डोक्यावर वजन पुन्हा न्यायचं नाही. शेवटी, 'दहा जणांना पाठवा, एका पैलवानाचा हात वाचेल.'

पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण मी 14 वर्षं वजन उचलतोय, चार वर्षांपूर्वी 75 किलोच्या स्नॅचला (बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा प्रकार) माझा उजवा खांदा गेला होता, आणि या मेसेजनं काय होतं ते आता डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे कडोलीचा एक 19 वर्षांचा पोरगा येतो. त्यानं मेसेज वाचून पाच आठवडे हात आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीत अडकवून ठेवला. पट्टी सोडली त्या दिवशी तो माझ्यासमोर उभा होता. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. टी-शर्टची उजवी बाही दंडावर सैल लोंबत होती, डावी घट्ट. 'अजून दुखूलाय बघ दादा,' एवढंच म्हणाला. डॉक्टरनं तपासलं तेव्हा मूळ दुखापत किरकोळ निघाली. हात आखडला तो बांधून ठेवल्यामुळं.

आवाजाचं आधी संपवतो. सांध्यात कट्-कट् वाजणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखत नसेल, ताकद कमी झाली नसेल, तर नुसत्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. आवाजाबरोबर कळ आली आणि हात लुळा पडला, तर गोष्ट वेगळी. त्याबद्दल खाली लिहिलंय.

'शीर तुटली' हेही जरा नीट समजून घेऊ. आपल्याकडे स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), नस, सगळ्याला शीरच म्हणतात. खांदा हा उखळीचा सांधा, पण उखळ फार उथळ. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच सांधा हाडांपेक्षा स्नायूंच्या जोरावर टिकून असतो. चार छोटे स्नायू आपल्या कंडरांनी दंडाच्या हाडाचा गोळा चारी बाजूंनी धरून ठेवतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. आम्हा वजन उचलणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा या कंडरांचं असतं, आणि ते एका दिवसात क्वचितच होतं. आठवड्यात तीनदा स्नॅच करणारा एकदम पाचदा करायला लागला, वजन घाईनं वाढवलं, झोप कमी पडली, की कंडरा कुरकुरायला लागते.

आता पूर्ण आराम. सगळ्यात जास्त नुकसान या ओळीनं होतं. 1978 साली गेब मिरकिन या अमेरिकन डॉक्टरांनी दुखापतीवर आराम, बर्फ, पट्टी आणि हात-पाय उंच ठेवणं असं सूत्र दिलं. जगभर ते पाठ झालं. त्याच मिरकिननी 2014 साली जाहीरपणे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्हींमुळं भरून येणं लांबू शकतं. ज्यानं सांगितलं त्यानंच शब्द मागे घेतला, आपण मात्र अजून तेच पाठ म्हणतोय. सुरुवातीचे दोन-चार दिवस जपायचं हे खरं. त्यानंतर कंडरेला काम लागतं. मोजून दिलेला ताण पडला तरच तिचे धागे पुन्हा नीट बांधले जातात. बिनकामाची कंडरा कमजोर होते आणि सोबत स्नायूही आटतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, त्यातही मधुमेह असलेल्यांनी, हात बांधून ठेवला तर खांदा आखडायचा धोका आणखी मोठा.

माझ्या फिजिओथेरपिस्ट बाई कन्नड बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाराच्या चौकटीशी उभं केलं. कोपर कमरेला चिकटलेलं, मनगटाची बाहेरची बाजू चौकटीवर, आणि ढकलायचं. चौकट हलत नाही, खांदाही हलत नाही, पण आतला स्नायू काम करतो. 30 ते 45 सेकंद, पाच वेळा. मी नेहमीच्या सवयीनं सगळा जोर लावला की त्या म्हणायच्या, 'सावकाश, सावकाश.' हा शब्द आमच्या भागात मराठीतही तोच आणि कन्नडमध्येही तोच, त्यामुळं समजलं नाही म्हणायची सोय नव्हती. मग विचारायच्या, 'एष्ट नोव ऐती?' किती दुखतंय? शून्य ते दहामध्ये आकडा सांगायचा. तीन-चारपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुखणं होतं तिथं परत आलं पाहिजे. सकाळी जास्त दुखलं तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, तेवढं कमी करायचं. व्यायाम सोडायचा नाही.

तीन आठवड्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आली. ती खिडकीच्या गजाला बांधायची, कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी, आणि हात बाहेर फिरवायचा. बघायला अगदी पोरखेळ. 75 किलो डोक्यावर नेणारा माणूस ट्यूब ओढून थरथरत होता, तेव्हा कळलं दुबळेपणा कुठं होता.

आणि पाय तर शाबूत होते ना? दुसऱ्या आठवड्यापासून मी बैठका मारत होतो, थोड्या दिवसांनी वजन जमिनीवरून मांडीपर्यंत खेचत होतो. खांदा बरा होईपर्यंत बाकीचं शरीर घरी बसवून ठेवायचं काही कारण नसतं.

चोळण्याबद्दल. हलक्या हातानं तेल लावलं तर बरं वाटतं, आजीच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. पण जागेवरून सरकलेली शीर अंगठ्यानं ढकलून परत बसवायची, असं काही आत नसतं. सुजलेली कंडरा जोरात रगडली तर आणखी चिडते. माझाही खांदा एकानं तासभर रगडला होता, आणि ती रात्र मी खुर्चीत बसून काढली. खांदा खरंच निखळला असेल तर अंदाजानं ओढून बसवणं धोक्याचं आहे, हाड मोडू शकतं, नस दुखावू शकते. एक्स-रे काढल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

एमआरआय आणि ऑपरेशन. 1995 साली अमेरिकेत खांदा अजिबात दुखत नसलेल्या 96 जणांचे एमआरआय काढले. साठीच्या पुढच्यांपैकी 54 टक्के लोकांच्या कफमध्ये फाट दिसली. माणसं धडधाकट, हात व्यवस्थित चालतोय, आणि रिपोर्टमध्ये फाटलेलं. म्हणजे रिपोर्टमधला शब्द आणि तुमचं दुखणं यांचं नातं डॉक्टरनं हातानं तपासून ठरवायचं असतं. दुसरी गोष्ट, खांद्यावरचं हाड खरवडून जागा मोकळी करायचं एक ऑपरेशन जगभर खूप व्हायचं. 2018 साली ब्रिटनमधल्या चाचणीत काही रुग्णांवर ते खरं केलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांचं दुखणं किती कमी झालं, यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

पण इथं मेसेजवाल्यांचीही एक बाजू आहे, ती लपवणार नाही. पडून किंवा झटक्यानं कंडरा पूर्ण तुटली, हात स्वतःहून बाजूला उचलताच येईना, तर तरुण माणसाला ऑपरेशन लवकर लागू शकतं आणि उशीर महागात पडतो. खांद्याचा आकार बदलला, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, रात्री दुखण्याबरोबर ताप आला, तर चौकट-ट्यूब काही करत बसू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा. विशीच्या आतल्या पोराचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळायची शक्यता खूप असते, त्यानं तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय बारला हातच लावू नये.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, ती मी घालतो. विडी-सिगारेट. निपाणीच्या तंबाखूवर आपल्या भागातली कितीतरी घरं उभी राहिली हे खरं, पण धूर ओढणाऱ्याची कंडरा उशिरा भरते.

आता डोक्यावर वजन. मीराबाई चानूला खांद्याचा त्रास होता. 2020 मध्ये ती उपचारासाठी अमेरिकेला गेली. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला तिनं क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यापर्यंत, मग झटक्यानं डोक्यावर, हा दुसरा टप्पा म्हणजे जर्क) 119 किलो डोक्यावर नेऊन विश्वविक्रम केला, आणि पुढं टोकियोला एकूण 202 किलो उचलून रौप्य. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढं तरी आठवायला हवं होतं. तिच्यामागं अख्खी यंत्रणा होती हे मान्य, पण खांद्याची रचना तिची आणि आपली एकच.

हात पूर्ण वर जातो तेव्हा 180 अंशांतले सुमारे 60 अंश खांद्याच्या फऱ्याच्या हाडाचे असतात. फरा अडला की सगळा भार उखळीवर. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर वाकून बसणारा, माझी पाठच फऱ्याला फिरू देत नव्हती. त्यासाठी मला तालमीतलेच दंड उपयोगी पडले. दंड पूर्ण वर आल्यावर जमीन आणखी दोन बोटं ढकलायची, फरे पुढं सरकतात. हलका करेला (तालमीतला फिरवायचा लाकडी मुद्गल) फिरवायला मात्र तिसऱ्या महिन्यानंतर घेतला.

माझा क्रम असा होता: सहाव्या आठवड्यात नुसती काठी डोक्यावर, दहाव्या आठवड्यात 20 किलोचा मोकळा बार, मग जर्क. स्नॅच सगळ्यात शेवटी, कारण त्यात पकड रुंद आणि वेग जास्त. पहिला मोकळा स्नॅच पाचव्या महिन्यात, 70 किलो नवव्या महिन्यात. तुमचे आठवडे वेगळे असतील, क्रम बहुधा हाच राहील.

कडोलीचा पोरगा आता सातव्या आठवड्यात आहे. काल त्यानं काठी डोक्यावर नेली आणि कोपर सरळ केलं. आकडा विचारला, 'दोन' म्हणाला. लुगड्याची ती पट्टी त्याच्या आईनं खिडकीला ट्यूब बांधायला वापरलीय.