आधी कमान, मग फलाट

तुमच्या गावचं स्टेशन नव्याने बांधायचं ठरलंय आणि काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. आता पहिलं काम करा, गाडी विसरा. गाडी येते स्टेशनाच्या मागच्या अंगाने, पाहुणे येतात पुढून. पैसा कुठल्या अंगाला घालायचा, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा श्रीगणेशा दर्शनी भागाचा. जवळ किल्ला असेल तर बुरूज काढा, देऊळ असेल तर शिखर. काहीच नसेल तर वारली चित्रं. ती कुठेही चालतात, जवळचा वारली पाडा तिथून तीनशे किलोमीटरवर का असेना. दगडाच्या नादी मात्र लागू नका. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस बांधायला 1878 ते 1888 अशी दहा वर्षं घेतली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांकडून मोर-माकडं कोरून घेतली, आणि युनेस्कोचा शिक्का बसला कधी, तर 2004 साली. एवढा धीर कुणाला आहे? तुमच्याकडे अॅल्युमिनियमचे पत्रे आहेत. महिन्याभरात बुरूज उभा. वाऱ्याने उडाला तर दुसरा ठोकू.

फलाटावर छप्पर घालावंच लागतं, पण किती याला काही धरबंध हवा. चोवीस डब्यांची गाडी साडेपाचशे मीटरच्या वर जाते. तुम्ही शंभर मीटर घाला, तेही मधोमध. जनरलचे डबे बहुधा टोकांना असतात आणि जनरलवाल्याला भिजायची सवय असते. डबा दाखवणारे इंडिकेटर जरूर बसवा, फक्त गाडी आउटरला आली की आकडे बदलत जा. एस-सातसाठी उभी असलेली आजी, नातू आणि आंब्याची पेटी दोन मिनिटांच्या थांब्यात दहा डबे ओलांडून पळताना दिसली की समजा, यंत्रणा चालू आहे.

पैसे कमी पडत असतील तर नुसते नंबर बदलले तरी भागतं. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वे, दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता. नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर 2023 मध्ये मध्यच्या फलाटांना 8 ते 14 असे आकडे दिले आणि गोंधळ मिटला. (लोकांच्या खरोखर उपयोगी पडलेलं हे काम रंगाच्या डब्यांत झालं. असली उदाहरणं वरच्या साहेबांना सांगू नयेत, ते नाउमेद होतात.)

पादचारी पुलाची घाई करू नका. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनला (आताचं प्रभादेवी) पाऊस आला, माणसं अरुंद जिन्यावर थांबली, मागून लोंढा आला आणि तेवीस जीव गेले. मग लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये नवा पूल खुला झाला. म्हणजे मनात आणलं तर पूल पाच महिन्यांत होतो. ही गोष्ट प्रवाशांच्या कानावर जाता कामा नये.

मालधक्क्याकडे तर वळूनही बघू नका. तिकडे फीत कापायला कोणी येत नाही. सायडिंग, म्हणजे माल उतरवायचा बाजूचा रूळ, तोकडी असली की बेचाळीस वॅगनचा सिमेंटचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, एकदम मावत नाही. मग रेक तोडा, अर्धा आत ढकला, अर्धा यार्डात अडकवून ठेवा. त्यामागे पॅसेंजर थांबते, पॅसेंजरमागे एक्सप्रेस, आणि गावाला वाटतं रेल्वेला शिस्त नाही. धक्क्यावर उघड्यात हमाल डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतो. चिखलात ट्रकचं मागचं चाक रुतलेलं असतं. ताडपत्री दोघांनी ओढली तरी एक कोपरा उघडा राहतोच, आणि त्या कोपऱ्यातली गोणी घरी पोचेपर्यंत दगड होते. माल उतरवायचे ठरलेले तास संपले की व्यापाऱ्यावर डेमरेज, म्हणजे वॅगन अडवल्याचा दंड, चढू लागतं. इथे एक पत्र्याची शेड आणि चार गाड्या खडी टाकली तर सगळं सुधारेल, पण त्याचा फोटो काय काढणार?

बंदर जोडायचं असेल तर काम लांबच्या टोकाकडून सुरू करा. पश्चिमेचा खास मालगाड्यांचा मार्ग बघा. न्हावाशेव्याचं बंदर ते दिल्लीजवळचं दादरी, 1506 किलोमीटर. तिकडे हरियाणा-राजस्थानात कंटेनरवर कंटेनर रचलेली दीड किलोमीटर लांब गाडी जानेवारी 2021 मध्येच विजेवर धावली. मागे रखडला तो वैतरणा ते बंदर हा शंभरेक किलोमीटरचा तुकडा. बंदरासाठी काढलेला रस्ता, फक्त बंदर तेवढं शेवटी.

त्याहून सुरक्षित म्हणजे सर्व्हे. कोकणातल्या बंदरांचा माल घाटावर चढवायला वैभववाडी-कोल्हापूर मार्ग 2016 सालच्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. शंभरेक किलोमीटर. चिपळूण-कराडचीही चर्चा जुनीच. रुळावर मात्र अजून मालगाडी नाही की पॅसेंजर. रोहा ते ठोकूर 741 किलोमीटरची कोकण रेल्वे 1990 ते 1998 एवढ्यात उरकली होती. तेव्हा बहुतेक सर्व्हेची इतकी चांगली सोय नसावी.

एक राहिलंच. कोनशिलेला छप्पर घाला, आणि ते पक्कं घाला. आमच्या स्टेशनावर फलाटाच्या टोकाला, कुंपणालगत, ग्रॅनाइटची कोनशिला आहे, तिच्यावर काचेचं छत. गेल्या श्रावणात गाडी पन्नास मिनिटं लेट होती आणि सरीवर सर कोसळत होती. त्या छताखाली आम्ही आठ जण, एक मासळीची पाटी आणि एक ओलं कुत्रं असे दाटीवाटीने उभे होतो. शिलेवरची अकरा नावं, हुद्द्यांसकट, मला अजून पाठ आहेत.