रेशनकार्ड असं एकाएकी ‘कायमचं रद्द’ होत नाही. त्या फाईलला मात्र हात लावू नका

रविवारी सकाळी सकाळी मावशीचा फोन आला. आवाज रडवेला. “कार्ड बंद पडतंय म्हणे रे आपलं. माझा थम तर मशीनवर येतच नाही, म्हणजे माझंच नाव आधी कापणार.”

मावशी बार्शी तालुक्यात राहते. प्राधान्य कुटुंबाचं केशरी कार्ड आहे. ती, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. माणशी ५ किलो म्हणजे महिन्याला २० किलो धान्य, घर त्याच्यावर उभं आहे. मुलगा पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर असतो. मावशीने त्याला रात्रीच फोन करून काम सोडून गावी यायला सांगितलं होतं. दोन दिवसांची हजेरी बुडणार, वर एसटीचं भाडं.

हे सगळं कशामुळे, तर गावच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे: ‘अंतिम सूचना! महिनाअखेर ई-केवायसी न केल्यास रेशनकार्ड कायमचे रद्द. सर्व सदस्यांनी मूळ गावीच हजर राहावे. ज्यांचे अंगठे उमटत नाहीत त्यांची नावे कमी होतील. घरबसल्या नूतनीकरणासाठी खालील फाईल डाउनलोड करा, फी फक्त ४९ रुपये.’

आधी त्या फाईलबद्दल. ई-केवायसी म्हणजे आधारवरून आपली ओळख पटवणं; रेशन दुकानात त्याला एक रुपयाही लागत नाही. सरकार व्हॉट्सअॅपवर फाईल पाठवून कार्डाचं नूतनीकरण करत नाही. अशी फाईल मोबाईलमध्ये घेतली की तुमचे एसएमएस आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. घरून करायचं असेल तर सरकारचं ‘मेरा ई-केवायसी’ अॅप आहे, ते प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला लागतो.

आता ‘कायमचे रद्द’. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये रेशनच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली, ती लोकांनी नीट वाचावी. सहा महिने धान्यच उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय होतं. मग तीन महिन्यांत प्रत्यक्ष पडताळणी आणि ई-केवायसी करून ते कुटुंब पात्र आहे की नाही हे ठरवायचं. मावशी दर महिन्याला पिशवी घेऊन दुकानासमोर उभी असते, तिला हे लागूच होत नाही.

ई-केवायसी करावी लागते, एवढं मात्र खरं आहे. ते मी तिच्यापासून लपवलं नाही. त्याच आदेशाप्रमाणे ती दर पाच वर्षांनी करायची आहे. न करणाऱ्यांचं धान्य थांबवू, असं पुरवठा खात्याने बजावलेलंही आहे. आजवर मुदत अनेकदा वाढली म्हणून पुढेही वाढेल असं धरून बसू नये. शिवाय गावात बऱ्याच जणांचा एक घोळ होतो. महिन्याचं धान्य घेताना घरातल्या एकाचा थम पुरतो, ई-केवायसीला प्रत्येकाचा स्वतःचा लागतो.

मूळ गावी यायची अट खोटी. पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात पॉस मशीनवर, म्हणजे थम घ्यायच्या त्याच मशीनवर, मावशीच्या मुलाची ई-केवायसी होते. सोबत आधार आणि कार्डाचा बारा अंकी नंबर ठेवायचा. मी भावाला तसं कळवलं आणि त्याचं येणं रद्द झालं.

मला खरा संताप आला तो अंगठ्याच्या ओळीचा. मावशीने चाळीस वर्षं चिंचा फोडल्या. दोन्ही अंगठ्यांच्या रेषा झिजून कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. हात धुऊन, पुसून, पुन्हा दाबून मशीन ‘नाही’ म्हणतं, आणि मागे रांग उभी असते. अशा बाईला ‘तुझं नाव कमी होणार’ असं सांगणं ही क्रूरता आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आपल्या आईचे हात एकदा बघावेत. केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलंय, की बोटांचे ठसे नीट नाहीत किंवा नेटवर्क नाही म्हणून पात्र माणसाचं धान्य नाकारू नका. अंगठा येत नसेल तर बाकीची बोटं एकेक करून लावून बघायची. मशीनला डोळ्यांचं स्कॅनर असेल तर ते वापरायला सांगायचं. नाहीतर अॅपवर चेहरा दाखवून होतं. एवढं करूनही जमलं नाही तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. दुकानदार ऐकत नसेल तर १९६७ वर तक्रार करता येते, आणि अन्न सुरक्षा कायद्याने जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारीही दिलेला आहे.

नातीसाठी आत्ता धावपळ नको. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारमध्ये ठसे नसतातच. पाच पूर्ण झाली की आधी आधार केंद्रावर तिचे ठसे नोंदवायचे आणि वर्षभरात ई-केवायसी करायची. तिचा पाचवा वाढदिवस वैशाखात येतो. फोन ठेवण्याआधी मावशीला कालनिर्णयवर त्या तारखेभोवती पेनाने गोल करायला लावला.