त्या अर्जात माणसासाठी रकाना नाही

मार्चमधल्या एका रात्री पुण्यातल्या आमच्या गल्लीत सात रिक्षा आणि दोन टेम्पोंच्या काचा फोडल्या. सकाळी रस्ताभर काचेचा चुरा पडलेला. शेजारचे काका रिक्षाचं फाटलेलं हूड हातात धरून पायरीवर बसले होते. त्या महिन्याचा हप्ता भरायचा राहिलेला. हे आधी सांगते, कारण ज्यांचं नुकसान झालं त्यांचं मला काहीच वाटत नाही, असं पुढचं वाचून कोणाला वाटू नये.

फोडणाऱ्या पाच पोरांमधला एक माझा विद्यार्थी. नाव लिहीत नाही. अल्पवयीन आहे, आणि कायदाही लिहू देत नाही. सातवीत माझ्या वर्गात होता. अक्षर इतकं सुरेख की फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिहायचा. खडू संपत आला की उरलेला तुकडा खिशात घालून घरी न्यायचा, धाकट्या बहिणीसाठी. आठवीनंतर शाळा सुटली. वडील नाहीत. आई सकाळी चार घरची कामं करते, संध्याकाळी पोळ्या लाटायला जाते. पोरगा दुपारपासून रात्री अकरापर्यंत चौकात. तिथे त्याची चौकशी करणारा एकच, बावीस वर्षांचा 'भाई'. त्याने चहा पाजला, गाडीवर फिरवलं, रीलमध्ये मागे उभं केलं. मग एक दिवस हातात कोयता दिला.

बाल न्याय मंडळात त्याच्या आईसोबत मी गेले होते. तिच्या पिशवीत धुतलेला शर्ट आणि बिस्किटाचा पुडा. "बाई, तुमचं तरी ऐकायचा ना तो?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. ऐकायचा. पण सातवीनंतर त्याला सांगायला मी कुठे होते?

पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांचा विषय 2022 च्या अखेरीस विधिमंडळापर्यंत गेला. पुढे कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा, असं दुकानदारांना सांगितलं गेलं. कोयतेवाला पकडणाऱ्या पोलिसांना बक्षिसं लावली. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, आणि त्याला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावर सगळा देश संतापला. तो संताप खरा होता, माझाही होता. 16 ते 18 वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे ठरवायची सोय 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहेच. पण हे सगळं गुन्हा घडून गेल्यावरचं. त्याआधीच्या, 14 ते 18 मधल्या वर्षांचं काय?

अंगणवाडी 6 वर्षांपर्यंत. शिक्षणहक्क कायदा 14 पर्यंत. 18 झाले की मतदार यादी. मधला मुलगा कोणाच्या खात्यात येतो, ते मला कोणी दाखवून द्यावं. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या 2022 च्या अहवालात ताब्यात घेतलेल्या अल्पवयीनांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त 16 ते 18 चे आहेत. म्हणजे हात सुटतो 14 ला आणि पोरगं पोलिसांना सापडतं 16 ला.

पैसा नाही असं म्हणू नका. पुणे महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखायचा शासनाचा निर्णय आहे. पण या पैशातून वस्तू चटकन येतात. शिलाई मशीन येतं, कॅमेरा येतो, ओपन जिम येते. पोरामागे फिरणारा माणूस येत नाही.

हे मी अनुभवाने सांगतेय. नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची, ही चांगली पद्धत पुण्यात 2006 पासून आहे. एका कामाला साधारण 5 लाखांपर्यंत. मीही अर्ज भरला: शाळेचा हॉल संध्याकाळी 6 ते 9 उघडा ठेवावा आणि तिथे दोन प्रशिक्षक नेमावेत. खिडकीवरच्या ताईंनी अर्ज नीट वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, बाक सुचवा, दिवे सुचवा. मानधनाचं यात बसत नाही." त्यांची काही चूक नाही. रकानाच नाही, तर त्या कुठे लिहिणार?

आता हिशोब बघा. महिना 20 हजारांप्रमाणे दोघांचं वर्षाचं मानधन 4 लाख 80 हजार. एका कामात बसतं. आणि तो माणूस करेल काय? पोरांना नावाने हाक मारेल. दोन दिवस आलं नाही तर घरी जाऊन बघेल. शाळा सुटलेल्याला बाहेरून दहावी द्यायचा 17 नंबरचा फॉर्म भरून देईल. दहावी झालेल्याला आयटीआयचा अर्ज, जातीचा दाखला, बँकेचं खातं. या कामांसाठी पोराच्या आईला एक दिवसाचा रोज बुडवावा लागतो, आणि म्हणूनच ती होत नाहीत.

"गुन्हेगारांचे लाड कशाला," असं कोणीतरी खाली लिहीलच. त्यांनी आमच्या काकांशी बोलावं. हॉलची कल्पना सगळ्यात आधी त्यांनीच उचलून धरली. म्हणाले, "पोरं आत बसली तर माझी रिक्षा बाहेर सुखाने उभी राहील."

माझा विद्यार्थी सध्या जामिनावर घरी आहे. ऑक्टोबरमध्ये 18 चा होईल. आत्तापर्यंत चुकला तर येरवड्याचं निरीक्षणगृह होतं, त्यानंतर येरवड्याचंच मध्यवर्ती कारागृह. आमच्याकडे एवढेच महिने आहेत.

हॉल मिळाला नाही म्हणून गणपती मंडळाच्या खोलीत सुरू केलंय. मागच्या आठवड्यात अकरा पोरं होती, बुधवारी तोही आला. कॅरम खेळला नाही, भिंतीवरचा वेळेचा फलक मात्र पुसून नव्याने लिहून गेला. कबड्डी किंवा बॉक्सिंग शिकवणारं कोणी ओळखीचं असेल तर मेसेज करा. आम्ही सहा घरं मिळून महिना 4 हजार देऊ शकतो, सध्या तेवढंच. आणि यंदाही तोच अर्ज भरणार आहे. तुमच्या प्रभागातून भरणार असाल तर मजकूर पाठवते.