रुक्मिणी कुणी पळवली नाही

आषाढ जवळ आला की आपल्याकडच्या ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो: ‘कुंडिनपूर एकच, आपलं कौंडण्यपूर. अरुणाचलवाल्यांनी आपली रुक्मिणी पळवली. द्वारकेहून कृष्ण एका रात्रीत तिथे पोचणं शक्यच नाही. जगातले सगळे कौंडिण्य इथलेच. उत्खननात रुक्मिणीचा वाडा सापडलाय.’ मी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातला. रुक्मिणीचे वडील भीष्मक राजा, त्यांची राजधानी कुंडिनपूर, आणि ते म्हणजे आमचं वर्धाकाठचं कौंडण्यपूर असं इथे मानतात. कौंडण्यपूरचा मला मनापासून अभिमान आहे, म्हणूनच हा मेसेज बघवत नाही.

आधी पळवापळवीचं. अरुणाचलात रोइंगजवळ भीष्मकनगरचे विटांचे अवशेष आहेत, खाली आसामात सदियाकडे कुंडिल नदी आहे आणि इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली लेक मानतात. अवशेष मध्ययुगातले आहेत, महाभारताच्या काळातले नाहीत, हे खरं. पण भीष्मकाची कथा तिथे आज रचलेली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांच्या लिखाणातही ती आहे. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा मेळा भरतो, त्यात २०१८ पासून ईशान्येचे कलावंत येऊ लागले, तेव्हा कुठे आपल्या कानावर पडली. जिथे कथा गेली तिथे लोकांनी नदीला, गडाला तिच्यातली नावं दिली. त्यानं आपलं काय गेलं?

एका रात्रीचा मुद्दा तर आपल्यावरच उलटतो. भागवतात कृष्ण आनर्ताहून, म्हणजे द्वारकेच्या मुलखातून, एका रात्रीत घोड्यांनी विदर्भात आला असंच लिहिलंय. द्वारका ते वर्धेचा काठ हजारेक किलोमीटर. घोड्यांचा हिशेब लावायचा तर आपणही बाद.

कौंडिण्य हे गोत्राचं नाव आहे. बुद्धाचे पहिले शिष्य कौंडिण्य कपिलवस्तूकडचे. कंबोडियाकडच्या फुनान राज्याच्या कथेतही एक कौंडिण्य येतो. दक्षिणेत या गोत्राची कितीतरी घरं आहेत. त्या सगळ्यांचा सातबारा तिवसा तालुक्यात कसा निघेल?

आणि वाडा. १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी इथे उत्खनन केलं. इसवीसनापूर्वीपासूनची वस्ती, सातवाहन काळाच्या खुणा असं बरंच हाती लागलं. रुक्मिणीचा वाडा मात्र नाही. जे मिळालं तेच केवढं मोठं आहे! नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, पावसानं माती वाहून गेली की आजही खापरं उघडी पडतात. काळी-तांबडी, कडा झिजलेली. पोरं ती नदीत भिरकावतात. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आधी तेवढं थांबवावं.