'लव्ह हर्ट्स'च्या पलीकडे

नाझरेथ या रॉक बँडचं नाव काढलं की समोरचा लगेच 'लव्ह हर्ट्स' गुणगुणायला लागतो. कॉलेजात मीही त्यातलाच. मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर त्यांचं तेवढं एकच गाणं होतं आणि बँड स्कॉटलंडचा आहे हेही मला ठाऊक नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांचा 'हेअर ऑफ द डॉग' (१९७५) हा अल्बम सलग ऐकला आणि इतकी वर्षं आपलं काय ऐकायचं राहून गेलं ते कळलं.

ब्रिटनमध्ये निघालेल्या मूळ रेकॉर्डवर 'लव्ह हर्ट्स' नव्हतंच. तिथे रँडी न्यूमनचं 'गिल्टी' होतं. अमेरिकेतल्या रेकॉर्डवर त्याच्या जागी 'लव्ह हर्ट्स' आलं, १९७६ मध्ये तिथे आठव्या नंबरापर्यंत चढलं आणि नॉर्वेत तर १४ आठवडे पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलं. गाणं मुळात एव्हर्ली ब्रदर्सचं, १९६० मधलं. माझा त्या गाण्यावर राग नाही. बँडचा गायक डॅन मॅकॅफर्टी वर चढतो तेव्हा आता आवाज फाटणार असं वाटतं, अजूनही अंगावर काटा येतो. पण त्या एका गाण्याने अख्खा अल्बम झाकून टाकला, याचं मनापासून वाईट वाटतं.

कारण हा अल्बम मॅनी चार्लटनचा आहे. आधीचे तीन अल्बम डीप पर्पल या रॉक बँडच्या रॉजर ग्लोव्हरने प्रोड्यूस केले होते. या वेळी ती जबाबदारी बँडच्या गिटारिस्टने, चार्लटनने स्वतः घेतली. स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावच्या या चौघांना आपला खरा आवाज इथे सापडला, असं माझं ठाम मत आहे. शीर्षकगीत ऐका. डॅरेल स्वीटचे ड्रम्स, त्यावर टणटणणारी काउबेल, मग ती जाडजूड रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी सुरावट. मधेच टॉकबॉक्स येतो. यात गिटारचा आवाज नळीतून तोंडात सोडतात आणि ओठांनी त्याला आकार देतात. गिटार चक्क बोलायला लागते!

आणि शेवटी 'प्लीज डोन्ट जूडास मी'. जवळजवळ दहा मिनिटं. माझा विश्वासघात करू नकोस, एवढीच विनवणी, पण ती इतक्या संथपणे पुढे सरकते की श्वास जड होतो. मॅकॅफर्टी इथे ओरडत नाही, आवाज धरून ठेवतो. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं गाणं हेच.

फुप्फुसांच्या आजारामुळे २०१३ मध्ये त्याला बँड सोडावा लागला. स्वीट १९९९ मध्येच गेला होता. २०२२ च्या जुलैत चार्लटन गेला आणि नोव्हेंबरात मॅकॅफर्टी. मूळ चौघांतला बास गिटारिस्ट पीट अ‍ॅग्न्यू तेवढा बँडमध्ये राहिला, ड्रम्सवर त्याचा मुलगा ली.

मॅकॅफर्टी गेल्याची बातमी आली त्या रात्री माझ्या ओळखीतल्या सगळ्यांनी 'लव्ह हर्ट्स' शेअर केलं. मी हेडफोन घातले, 'प्लीज डोन्ट जूडास मी' लावलं आणि ते संपून बराच वेळ झाला तरी उठून दिवा लावला नाही.