‘एका घावात गार’ करणारा डाव आणि रिक्रूटला खरोखर लागणारी झटापट

एक संदेश सध्या हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कुस्ती हा खेळ आहे, पायदळातल्या रिक्रूटला तसली झोंबाझोंबी शिकवणं म्हणजे वेळेची नासाडी. रायफल असताना हातांची गरज पडत नाही. पडलीच तर मर्मावरचा एक घाव पुरतो. चाकू हिसकावणं दोन दिवसांत येतं. आणि सराव पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकदीनेच हवा. यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि शेवटचा तर पोरांची हाडं मोडणारा आहे.

‘रायफल असताना हातांची गरज नाही.’ अनेकदा झटापट सुरू होते ती रायफलवरूनच. दारात, अरुंद जिन्यात, खंदकाच्या वळणावर समोरचा हातभर अंतरावर येतो आणि नळी धरतो. नवखा जवान अशा वेळी रायफल हमखास स्वतःकडे ओढतो. मग रस्सीखेच होते आणि तीत वजनदार माणूस जिंकतो. शिकवायचं ते नेमकं उलट. दोन्ही हातांची पकड सोडायची नाही, कोपरं बरगड्यांशी ठेवायची, एक पाऊल पुढे टाकून त्याच्या अंगात शिरायचं आणि रायफल त्याच्या अंगठ्याच्या दिशेने पिळायची, कारण मूठ तिथेच कच्ची असते. पकड सुटताच मागे सरून अंतर मिळवायचं. बोट ट्रिगरपासून दूर आणि नळीसमोर आपला साथीदार नाही, हे दोन्ही याच सरावात अंगी भिनवावं लागतं. स्लिंग सैल असेल तर तोच पट्टा धरून समोरचा आपल्याला लोळवतो, म्हणून तो किती आवळायचा हेही याच तासाला शिकवावं.

‘मर्मावरचा एक घाव पुरतो.’ अमेरिकी सैन्याने 2004 ते 2008 या काळात लढाईवरून परतलेल्या 1,226 सैनिकांकडून माहिती घेतली. त्यातल्या 216 जणांनी निदान एकदा तरी हातघाईची कौशल्यं वापरली होती. वापरलेल्या कौशल्यांत धरपकड 72.6 टक्के, रायफलच्या दस्त्यासारखा शस्त्राचा वापर 21.9 टक्के, आणि ठोसे-लाथा फक्त 5.5 टक्के. कारण उघड आहे. समोरच्याच्या डोक्यावर हेल्मेट, छातीवर गोळी अडवणारी प्लेट, आणि आपल्या अंगावर वीसेक किलोचा बोजा. उंच लाथ मारायला गेलेला जवान स्वतःच उताणा पडतो. हेल्मेटवर मूठ आपटली की करंगळीमागचं हाड मोडतं, आणि मोडक्या हाताने मॅगझिन बदलता येत नाही. म्हणून मारायचंच तर तळहाताच्या टाचेने, हनुवटीखाली.

दुसऱ्या महायुद्धातल्या कमांडोंचा दाखलाही या संदेशात असतो. त्यांना शिकवणारे विल्यम फेअरबेर्न शांघाय पोलिसांत घडलेले होते. त्यांच्या पद्धतीचं बळ मोजक्या, सोप्या हालचालींत होतं, गूढ मर्मस्थानांत नव्हे.

‘कुस्ती हा खेळ आहे.’ खेळ आहे, म्हणूनच ती कामाची आहे. डोळ्यांत बोटं घालायचा सराव खऱ्या जोराने करताच येत नाही. धरपकड मात्र समोरचा जिवाच्या आकांताने विरोध करत असताना रोज करता येते. अमेरिकी रेंजर तुकडीत 1995 मध्ये प्रशिक्षणाची फेरमांडणी झाली तेव्हा जमिनीवरच्या झटापटीपासून सुरुवात केली, ती याच विचाराने. जमिनीवर रेंगाळणं हा त्यामागचा हेतू नाही. छातीवर किंवा पाठीवर ताबा मिळवायचा, त्याचे हात शस्त्रापर्यंत पोचू द्यायचे नाहीत आणि साथीदार येईपर्यंत टिकायचं. गळ्याचा फास, म्हणजे हाताने गळा आवळण्याचा डाव, शिकवताना मात्र उस्तादाने प्लेटचं जाकीट घालूनही करून बघावं. उंच कॉलरमुळे हात हनुवटीखाली शिरतच नाही, आणि मॅटवर सहज जमलेला डाव तिथे फसतो.

‘चाकू हिसकावणं दोन दिवसांत येतं.’ रबरी चाकूच्या धारेला खडू लावा आणि समोरच्याला हात झटकन मागे घेऊन पुन्हा पुन्हा भोसकू द्या. हिसकावणाऱ्याच्या अंगावरच्या खुणाच उत्तर देतील. रिक्रूटला शिकवावं ते इतकंच: आधी पळवाट किंवा अंतर, तेही नसेल तर दोन्ही हातांनी चाकूचा हात मनगटाजवळ जखडून अंगाशी दाबायचा.

‘पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकद.’ पहिले तास पडायला शिकण्याचे. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हात अंगापासून साधारण 45 अंशांवर, तळवा जमिनीवर आपटायचा. मागे हात टेकून पडलात की मनगट जातं, खांद्यावर पडलात की हासळीचं हाड. आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, आणि बोजा सगळ्यात शेवटी. विरोधही असाच पायरीपायरीने वाढवायचा.

गळ्याचा फास बरोबर बसला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून डाव शिकवण्याआधी खूण शिकवावी: हाताने किंवा पायाने दोनदा थाप, नाहीतर तोंडाने ‘बस’. खूण मिळताच सोडायचं. न सोडणाऱ्याला त्या दिवशी मॅटवरून उठवायचं.